पांढरीला टॅक्सीचं हेड

आमच्या गॅरेजच्या पाटीवर मी लिहून घेतलंय, 'गॅसच्या टॅक्सीचं सर्व काम होईल'. त्याखाली भावाने बारीक अक्षरात भर घातली, 'बाईंकडून'. त्याला वाटलं मी चिडेन. मी ते तसंच ठेवलं. नवीन गिऱ्हाईक येतं, इकडेतिकडे बघत विचारतं, "मिस्त्री किधर है?" आणि मी बॉनेटखालून डोकं वर काढते. त्या वेळी त्याचा जो चेहरा होतो तो बघायला मला अजूनही आवडतं.

कॉटन ग्रीनच्या गोदामांमागच्या गल्लीत हे गॅरेज आहे. मी मोठी, भाऊ धाकटा. दोघांचे केस पिकायला लागलेत, भांडणं मात्र शाळेतलीच आहेत. काम शिकलो ते वडलांकडून. वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो, कारण बाबा म्हटलं की आमच्या घरात भिंतीवरच्या फोटोतले बाबा. आण्णांनी जन्मभर टॅक्सी चालवली. टॅक्सी पोटासाठी, आणि परळच्या आमच्या चाळीखाली आणखी एक गाडी घरासाठी. मॉडेल टॅक्सीचंच, फक्त काळी-पिवळी नाही, पांढरी. सेकंडहँड घेतलेली. लोक टोकायचे, दिवसभर स्टिअरिंग फिरवून हौस भागत नाही का? आण्णा म्हणायचे, "टॅक्सीत मागे बसतो तो साहेब. हिच्यात साहेब कोणी नाही, सगळी घरची माणसं."

पांढरी वर्षातून एकदा लांबचा पल्ला मारायची. वीस मार्चला, महाडला. ज्या चवदार तळ्यावर गुरं पाणी प्यायची आणि आमच्या माणसांना शिवू देत नव्हते, त्या तळ्याचं पाणी आमच्या माणसांनी ओंजळीत घेतलं तो हा दिवस. त्या दिवशी माणसं मिळेल त्या वाहनाने महाडला येतात. आम्ही पांढरीतून जायचो. आई पुढच्या बाकड्यावर, पांढरी साडी नेसून, मांडीवर डबा घेऊन. आम्ही दोघं मागे, खिडकीवरून भांडत. निघताना आण्णा तळ्याचं बाटलीभर पाणी घ्यायचे. एकेक घोट आम्हाला द्यायचे आणि उरलेलं पांढरीच्या रेडिएटरमध्ये ओतायचे. अगदी सावकाश, थेंब न सांडता. "हिनेपण प्यायला पाहिजे," म्हणायचे. आम्ही पोरं हसायचो. आई कधी हसली नाही.

आण्णा गेले त्याच्या आदल्या वर्षी पांढरीने मान टाकली. सायनच्या सिग्नलला वाफ काढून बसली, ती बसलीच. आण्णा म्हणाले, बघू सवडीने. मग त्यांचंच आजारपण निघालं. ते गेल्यावर ती चाळीच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभी राहिली. गल्लीतली पोरं तिला स्टंप करून क्रिकेट खेळायची. आईने महाडला जाणं सोडलं. आम्ही दरवर्षी म्हणायचो, भाड्याची एसी गाडी करू, आरामात जाशील. तिचं उत्तर ठरलेलं होतं, "ती उठेल तेव्हा जाईन." एकदा बोलली की बोलली. माझ्या नाकावरचा राग कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

गेल्या दिवाळीनंतर आईच्या डोळ्यांचं कळलं. काचबिंदू. एक डोळा गेलेलाच होता आणि तिने कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. दुसऱ्यातही कडेचं दिसेनासं झालं होतं, समोरचं तेवढं दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थेंब घालत राहा, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, पण किती टिकेल ते मी सांगू शकणार नाही. मी बाहेर येऊन आईवर जाम ओरडले. आधी का नाही बोललीस? तिने माझं सगळं ओरडणं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "तळं एकदा बघायचंय, बाय. दिसतंय तोवर."

"उद्या नेते. गाडी करते."

"पांढरीतून."

"अगं, ती मेलीय."

"मग उठव. मेकॅनिक आहेस ना?"

दुसऱ्या दिवशी ताडपत्री ओढून काढली. भावाने पांढरीला दोरी बांधली आणि गिऱ्हाइकाच्या टॅक्सीमागून ओढत गॅरेजला आणली. मार्चला अजून अवकाश होता, पण खूप नव्हता.

इंजिन उतरवून उघडलं तेव्हा भावाने कपाळावर हात मारला. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, तापून वाकलेलं. दोन पिस्टन सिलिंडरला धरून बसलेले, आत ओरखडेच ओरखडे. पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात ती क्रँकही गेलेली. पाणी खेळायच्या वाटांमध्ये तांबडा गाळ इतका साचलेला की बोटाने खरवडून काढावा लागला. भाऊ म्हणाला, "घे, आण्णांनी पाजलेलं महाडचं पाणी." मी त्याला तिथल्या तिथे झापला. महाडचं पाणी वर्षातून एक बाटली, बाकीचं सगळं चाळीच्या नळाचं. नाव ठेवायचं तर नळाला ठेव. पण तो तांबडा गाळ बघून मी नियम करून टाकला. आता पांढरीच्या रेडिएटरमध्ये फक्त कूलंट. साध्या पाण्याचा थेंबही जाणार नाही.

सगळ्यात सोपं होतं ते म्हणजे अख्खं दुसरं इंजिन आणून बसवणं. भाऊ तेच म्हणत होता. मी ऐकलं नाही. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या धडावर, कोरलेला असतो. ब्लॉक बदलला तर कागदावर ती आण्णांची गाडी राहत नाही. "ब्लॉक आपलाच राहील," मी म्हटलं, "बाकी लागेल ते दुसऱ्याचं घालू." भाऊ म्हणाला, "ताई, एवढे लाड तू माझे नाही केलेस कधी." मी म्हटलं, तू तेवढा चालला नाहीस.

आता दुसऱ्याचं म्हणजे कोणाचं? या गाड्यांचे पार्ट नवे येत नाहीत. एका गाडीवर दुसरी जगते. अँटॉप हिलला आण्णांचे जुने दोस्त राहतात, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. आण्णांच्याच स्टँडवर त्यांची टॅक्सी असायची. वयाची मर्यादा संपली म्हणून ती रस्त्यावरून उतरली होती, पण इंजिन आम्हीच शेवटपर्यंत सांभाळलेलं, आम्हाला त्याची नस न् नस माहीत. मी गेले, चहा प्याले, आणि सरळ मागितलं. चाचांनी खिडकीतून खाली उभ्या टॅक्सीकडे बघितलं. मग म्हणाले, "ले जाओ बेटा. इंजन, डायनमो, जो चाहिए सब ले जाओ. बस मीटर नहीं दूंगा." भाड्याचं मीटर त्यांनी केव्हाच काढून घरात शोकेसमध्ये ठेवलं होतं, नातवंडांच्या फोटोंशेजारी. डायनमो हा त्यांच्या तोंडातला जुना शब्द. त्या टॅक्सीत आम्हीच केव्हाचा अल्टरनेटर बसवला होता.

तर पांढरीला टॅक्सीचं हेड आलं. टॅक्सीची क्रँक आली. अल्टरनेटर आला, म्हणजे आता हेडलाइट लावले की हॉर्न मरणार नाही. ठिणगी पाडायला जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक संच आला, रेडिएटरला विजेचा पंखा. हेडचा तर मला भारीच आनंद झाला. गॅसवर पळायचं म्हणून त्यात व्हॉल्व्हच्या बैठका कडक धातूच्या घातलेल्या होत्या, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या पांढरीलाही आजच्या बिनशिशाच्या पेट्रोलमुळे तशाच लागतात. आण्णांच्या ब्लॉकमध्ये लेथवाल्याकडून नव्या स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, ठोकून घेतल्या. हेड घासून आरशासारखं सपाट करून आणलं. व्हॉल्व्ह मी हातानेच घासले, पेस्ट लावून, तळव्यांत काठी फिरवत, एकेक करून. भावाला दिले असते तर त्याने मध्येच मोबाइल काढला असता.

त्याच्या डोक्यात आणखी एक खूळ होतं. स्टिअरिंगजवळच्या दांडीऐवजी खाली गिअरची दांडी असलेला पाच गिअरचा बॉक्स बसवू, हायवेला गाडी कशी पळते बघ. त्यासाठी पुढचं बाकडं काढून दोन वेगळ्या सीट टाकाव्या लागल्या असत्या. आईला विचारलं. आई म्हणाली, "मी कुठे बसू मग? दांडीवर?" पाच गिअर तिथेच संपले.

सगळं इंजिन जुळवून गाडीत उतरवलं त्या दिवशी आईला गॅरेजला आणली. स्टुलावर बसवली. मी चावी फिरवली. पहिल्यांदा नुसती घरघर, दुसऱ्यांदा एक धक्का, आणि मग पांढरी उठली. ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडलेली गाडी अशी बोलायला लागली की बाजूच्या गोदामातले हमाल बघायला आले. आईने पदर डोळ्यांना लावला. मग मी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगी नेमकी कुठल्या क्षणी पडायची ते ठरवणारा डबा, हाताने फिरवत इंजिनाचा आवाज ऐकत गेले. जिथे हात आपोआप थांबला तिथे नट आवळला. यंत्र लावून बघायची मला गरज वाटली नाही. एवढ्या टॅक्स्या या हातांनी जुळवल्यात, हात काय उगाच थांबतो का?

आरटीओत पासिंग झालं. तपासायला आलेल्या साहेबांनी बॉनेट उघडून बघितलं, आणि बघतच राहिले. "कोणी केलं?" त्यांनी विचारलं. भाऊ छाती काढून पुढे झाला आणि त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला बरंच काही माफ केलंय.

मग ट्रायल. दादर, माटुंगा, परत परळ. लोण्यासारखी पळाली. फक्त लालबागच्या पुलावर चढताना खालून बारीक खडखड आली. "टॅपेट आहेत, बसतील," भाऊ म्हणाला. मलाही पटलं, कारण मला ते पटायला हवंच होतं.

वीस मार्चला उजाडता उजाडता निघालो. आई पुढे, पांढरी साडी, मांडीवर डबा. भाऊ मागे एकटाच, दोन्ही खिडक्या त्याच्या. मी स्टिअरिंगवर. खाडीचा पूल ओलांडला, पनवेल गेलं. निळे झेंडे लावलेल्या बस आणि टेम्पो शेजारून जात होते. पांढरी दिसली की माणसं खिडकीतून हात हलवत होती. एका टेम्पोतला म्हातारा ओरडला, "अजून जिवंत आहे काय गाडी?" मी हॉर्न वाजवून सांगितलं की आहे. खरं सांगते, त्या वेळी माझी छाती एवढी फुगली होती की सीटबेल्ट आवळायला लागला.

कर्नाळ्याची चढण लागली आणि खडखड परत आली. बारीक नाही, चांगली मोठी. डब्यात गोटे घालून हलवावेत तशी. मी गिअर उतरवला तर जराशी कमी झाली, पाय दाबला की पुन्हा सुरू. तापमानाचा काटा वर सरकायला लागला. चढणीवर, जोर पडल्यावर, खालून आवाज, म्हणजे क्रँकचं बेअरिंग. टॅक्सीची क्रँक खोटी निघाली. तसं असेल तर आणखी थोडं चालवलं की आण्णांचा ब्लॉक फुटेल, आणि मग ही गाडी या जन्मात उठायची नाही.

कडेला सावली बघून थांबले. इंजिन बंद केलं. भाऊ खाली उतरला, वाकून बघितलं, कान लावला, आणि मान हलवली. "ताई, टो करून परत नेऊ. आईसाठी मी आत्ता गाडी मागवतो. तळं तर बघेल."

तो चुकीचं बोलत नव्हता. मी आईकडे बघितलं. ती समोरच्या काचेतून पुढे बघत होती. तिला दिसतं ते समोरचंच.

"आई, उतर. दुसऱ्या गाडीने जाऊ."

"का?"

"बेअरिंग गेलंय. खडखड ऐकलीस ना?"

"ऐकली. हिला कुठली खडखड येते? ती टॅक्सीची आहे." मग तिने आठवून आठवून सांगितलं. आण्णांच्या टॅक्सीत ती कधीकधी बसायची, आणि गॅस संपून त्यांनी पेट्रोलवर घेतली की चढणीला ती अशीच खडखडायची. पेडर रोडच्या चढावर हमखास. "मी विचारलं की हे म्हणायचे, काही नाही गं, हिला पेट्रोल झेपत नाही."

मी भावाकडे बघितलं. भावाने माझ्याकडे. आणि मी स्वतःलाच अशी एक शिवी हासडली की आईने "काय गं हे" म्हटलं.

गॅस सावकाश पेटतो. म्हणून गॅसच्या गाडीला ठिणगी जरा आधी पाडावी लागते. पेट्रोलला तेवढी आधी पाडली तर पिस्टन वर येतोय तोवरच आत भडका होतो आणि इंजिन स्वतःशीच मारामारी करत बसतं. सपाटीला कळत नाही, चढणीला कळतं. गेली कित्येक वर्षं आम्ही गॅसच्या टॅक्सीशिवाय दुसरं काही जुळवलेलंच नाही. हात जिथे आपोआप थांबला तो गॅसचा टायमिंग होता. टॅक्सीचं हेड, टॅक्सीची क्रँक, आणि टायमिंगही टॅक्सीचा. आण्णांची गाडी उठवता उठवता आम्ही तिची टॅक्सी करून ठेवली होती. बेअरिंगला काही झालं नव्हतं. बिचारी क्रँक फुकट बदनाम झाली.

इंजिन जरा निवू दिलं. मग पदर खोचला, म्हणजे ओढणी कमरेला बांधली, आणि पाना घेतला. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल केला. भावाने इंजिन चालू केलं. डबा मी केसभर मागे फिरवला, आणि हाताला जिथे थांबावंसं वाटत होतं तिथे त्याला थांबू दिलं नाही. आणखी किंचित मागे घेतला. नट आवळला आणि बॉनेट आपटलं.

उरलेली चढण पांढरी गुमान चढली. खडखड नाही, काटा जागच्या जागी. खिंड ओलांडली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. भाऊ मागून म्हणाला, "बाईंकडून सर्व काम होईल." मी आरशातून त्याच्याकडे बघितलं आणि मलाच हसू फुटलं.

महाडला गाड्या गावाबाहेरच्या मैदानात लावायच्या होत्या. तिथून आईला दोन बाजूंनी धरून नेली. गर्दी होती, पण म्हातारं माणूस बघून लोक वाट देत होते. पायऱ्यांवर तिला समोर धरून उभी केली. चेहरा नेमका तळ्याकडे करून दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मी विचारायचं नाही ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"दिसतंय का गं?"

"दिसतंय," ती म्हणाली. "हे असते तर म्हणाले असते, किती गं लोक आलेत."

मग तिने पिशवीतून बाटली काढली. ती घरून रिकामी बाटली घेऊन आली होती आणि मला दिवसभर दाखवली नव्हती. मला कळलं ती कशासाठी आहे ते. मी म्हटलं, "आई, आता तिच्यात कूलंट असतं. साधं पाणी चालत नाही. त्यानेच तर गाळ झाला." तिने मान डोलावली आणि बाटली भावाकडे दिली. भाऊ भरून घेऊन आला.

मैदानात पांढरीभोवती माणसं जमली होती. कोणी फोटो काढत होतं, कोणी आत वाकून बाकडं बघत होतं. इंजिन थंड झालं होतं. आईने एकेक घोट आम्हाला दिला. मग बाटली धरून बॉनेटसमोर जाऊन उभी राहिली, माझ्याकडे न बघता. माझा नियम मीच केला होता. गॅरेजमध्ये मी तो कोणाच्या बापाला मोडू दिला नसता.

मी बॉनेट उघडलं. रेडिएटरचं टोपण काढलं. आईचा हात धरून तिचं बोट रेडिएटरच्या तोंडावर ठेवलं, जागा कळावी म्हणून. तिने बाटली वाकडी केली. आण्णांसारखी सावकाश नाही. थोडं आत गेलं, थोडं हेडवर सांडलं, चाचांच्या टॅक्सीच्या हेडवर. घोटभर पाण्याने कूलंटचं काही बिघडत नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. मी टोपण लावलं आणि बॉनेट खाली घेतलं. भाऊ दुसरीकडे बघत नाक पुसत होता. मीसुद्धा रडले, ते सांगायला मला कसलीच लाज नाही.

परतीला ऊन उतरलं होतं. कर्नाळ्याची चढण जवळ आली तशी आई सावरून बसली. डोळे मिटले आणि कान दिला. मी पाय दाबला. पांढरी ओढत गेली, तिच्या स्वतःच्या आवाजात. चढण निम्मी झाली तेव्हा आईने डब्यावरचे हात सैल सोडले.

"आता आपली आहे," ती म्हणाली, आणि पनवेलपर्यंत झोपली.